घरात डिव्हाइस नऊ, राउटर दाखवतोय तेवीस (कोल्हापूर, जुना वाडा)

पाढे_पाठ | शनिवार, रात्री ११:०८

मंडळी, शिवाजी पेठेत आमचा जुना वाडा आहे. दगड-मातीच्या भिंती, दीड-दीड हात रुंद. राउटर दाराजवळच्या सोप्यात टांगलाय, कारण फायबरवाल्या पोराला आतपर्यंत वायर ओढायचा कंटाळा आला होता. प्लॅन १०० एमबीपीएसचा. दिवसा झकास चालतं. रात्री आठ ते साडेदहा मी दहावीच्या पोरांची गणिताची ऑनलाइन शिकवणी घेतो, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. काल वर्तुळाची स्पर्शिका काढता काढता माझा हात हवेतच थिजला. पोरांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आशीर्वाद मिळाला'.

कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच मंत्र, बंद करून चालू करा.

आज भाच्यानं कुठलंसं ॲप टाकून दाखवलं की आमच्या वायफायला २३ डिव्हाइस जोडलेली आहेत. घरातली मोजली. चार मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, टॅब, प्रिंटर आणि एक म्हातारा फोन, जो फक्त गजर लावायला ठेवलाय. नऊ भरली. बाकीची १४ कुणाची? वाड्यात आणखी दोन बिऱ्हाडं आहेत, त्यांच्याशी वाकडं घ्यायचं नाही. रोज तोंड बघायचं असतं.

बावड्याचा_ऊस | शनिवार, रात्री ११:२१

पासवर्ड काय आहे ते विचारत नाही. कुणी ठेवलाय तेवढं सांगा.

पाढे_पाठ | शनिवार, रात्री ११:२४

बसवायला आलेल्या पोरानंच. सासऱ्यांचा मोबाइल नंबर.

बावड्याचा_ऊस | शनिवार, रात्री ११:२६

आणि सासऱ्यांचा नंबर किती जणांकडं आहे?

पाढे_पाठ | शनिवार, रात्री ११:३०

ते तालमीचे जुने सेक्रेटरी. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर छापलेला असतो.

बावड्याचा_ऊस | शनिवार, रात्री ११:३१

नाद खुळा! म्हणजे पावती फाडली की वायफाय फ्री.

मुळामुठेकाठी | शनिवार, रात्री ११:४०

सर, विषयांतराबद्दल क्षमस्व, पण आपण सासऱ्यांकडे राहता का?

पाढे_पाठ | शनिवार, रात्री ११:४४

मी बाई आहे. कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याचे दिसताय.

तारजोड्या | रविवार, सकाळी ७:१५

ताई, अकरा वर्षं मी ह्याच धंद्यात आहे. आधी केबल टीव्ही, आता फायबर. मोबाइल नंबर पासवर्ड ठेवायची खोड आमच्याच लोकांची, कबूल. दिवसाला सात-आठ जोडण्या उरकायच्या असतात आणि गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी फोन करतं, 'पासवर्ड काय होता हो?' नंबर ठेवला की फोन येत नाही. त्यात आमची सोय आहे, तुमची न्हाई.

आता काय करायचं ते बघा. मोबाइलवरनं खेळू नका, लॅपटॉप घ्या आणि लॅन वायरनं राउटरला जोडा. वायफायवरनंच वायफायचा पासवर्ड बदलला की तुम्हीच बाहेर फेकला जाता आणि मग घाबरायला होतं. राउटर उलटा करा, खाली स्टिकर आहे. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा तसलाच पत्ता, युजर आणि पासवर्ड छापलेला असतो. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, शाई उडते. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका, राउटरचं पान उघडतंय.

कानाला खडा लावा, मागच्या रिसेटच्या भोकात टाचणी घालायची नाही. पासवर्डाबरोबर पीपीपीओईचा युजर आणि व्हीलॅन नंबर, म्हणजे राउटर कंपनीच्या लाइनला जोडायची माहिती पण पुसली जाते. मग आमचा माणूस येईपर्यंत हात चोळत बसा. एका गिऱ्हाइकानं लक्ष्मीपूजनादिवशी रिसेट मारला होता. पाडव्यापर्यंत घरात नेट नव्हतं, शिव्या मात्र मला.

आणि पासवर्ड दोन असतात, हे कुणीच सांगत नाही. एक वायफायचा, तो पाहुण्याला देता. दुसरा त्या आतल्या पानाचा. लोक पहिला बदलतात आणि खूश होतात. दुसरा तसाच राहतो, ॲडमिन-ॲडमिन. मग ज्याच्याकडं पहिला आहे तो त्या पानात शिरून बसल्या जागी सगळं बघतो, बदलतो. डीएनएस (साइटच्या नावावरनं तिचा खरा पत्ता शोधून देणारा) बदलला तर बँकेचा पत्ता टाकून तुम्ही दुसऱ्याच पानावर जाऊन पोचाल. म्हणून आधी आतला बदला, मग वायफायचा.

हवेतली_तार | रविवार, सकाळी ९:०२

एवढं कशाला? मॅक फिल्टर लावा. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा ओळख नंबर. आपली नऊ डिव्हाइस यादीत टाकायची, बाकी सगळ्यांना दार बंद. शिवाय वायफायचं नाव लपवा, कुणाला दिसणारच नाही. मी चार वर्षं असंच चालवतोय.

कोड_आणि_कांदाभजी | रविवार, सकाळी ९:४७

चार वर्षं चालवताय म्हणजे अजून कुणी वाटेला गेलं नाही, एवढंच. नाव लपवलं तरी तुमचा फोन घराबाहेर पडला की 'ते नाव आहे का, ते नाव आहे का' असं हवेत हाका मारत फिरतो, फुकटचं ॲप असलेल्या कुणालाही ते ऐकू येतं. मॅक पत्ताही हवेतून उघडाच जातो, तो उचलून आपल्या लॅपटॉपला चिकटवायला दोन मिनिटं लागतात.

वर आता वेगळीच गंमत आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता देतच नाहीत, बनावट देतात. एकच फोन यादीत दोनदा दिसू शकतो. ताईंच्या २३ मध्ये असला एखादा असेलच. फिल्टर लावलं तर पहिली त्या स्वतःच अडकतील.

सिक्युरिटीच्या खान्यात, म्हणजे वायफायला कुठल्या पद्धतीचं कुलूप ते निवडतात तिथं, डब्ल्यूपीए२, एईएस ठेवा. राउटर नवा असेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय मिळेल, तो चांगला. नुसता डब्ल्यूपीए३ निवडला तर जुना टीव्ही रुसतो. टीकेआयपी हे जुन्या पद्धतीचं कुलूप दिसलं तर लगेच काढा. ते कमजोर तर आहेच, पण त्याच्यावर वायफाय जुन्या ५४ एमबीपीएसच्या वेगावर येऊन बसतं. डब्ल्यूईपी तर त्याहून जुनं, १९९७ चं, २००१ मध्येच फुटलं, तरी एका लॉजवर मी ते ह्या वर्षी पाहिलं.

आणि पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करा.

पाढे_पाठ | रविवार, दुपारी १२:३५

डब्ल्यूपीएस का बंद करायचं? स्टिकरवर त्याचा आठ आकडी पिन आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. बरा आहे की.

कोड_आणि_कांदाभजी | रविवार, दुपारी १२:५०

तुम्ही गणिताच्या आहात म्हणून कोडं घालतो. आठवा आकडा पहिल्या सातांवरून ठरतो. शिवाय राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार बरोबर की चूक ते आधी सांगून टाकतो, मग उरलेले. किती शक्यता?

पाढे_पाठ | रविवार, दुपारी १२:५८

अगं आई. पहिल्या चारांना १०,०००, पुढच्या तिनांना १,०००. गुणाकार नाही, बेरीज. ११,००० फक्त! दहावीच्या पोराला असली चूक केल्याबद्दल मी उठाबशा काढायला लावल्या असत्या.

कोड_आणि_कांदाभजी | रविवार, दुपारी १:०४

२०११ मध्ये ही चूक जगजाहीर झाली. नंतरचे राउटर काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लावतात, पण जुने कित्येक लावत नाहीत.

पाढे_पाठ | रविवार, दुपारी ३:२०

आता मोबाइल नंबराचा हिशेब मी स्वतः केला, भांडी घासता घासता. आपल्याकडं नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. पहिल्या जागी चार पर्याय, पुढच्या नऊ जागी दहा-दहा. ४०० कोटी. ऐकायला भरपूर वाटतं. भाचा म्हणतो की फोन वायफायला जोडताना जी देवघेव होते ती एकदा पकडली की पुढं राउटरजवळ थांबायची गरजच नाही, घरी जाऊन चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला काही लाख पासवर्ड ताडून बघता येतात. पाच लाख धरले तर ४०० कोटी भागिले पाच लाख, म्हणजे ८,००० सेकंद. सव्वादोन तास. एका सिनेमाच्या वेळात सासऱ्यांचा नंबर सापडला. आणि ज्याच्याकडं वर्गणीची पावती आहे त्याला तेवढीही मेहनत नाही.

कोड_आणि_कांदाभजी | रविवार, दुपारी ३:४१

हिशेब चोख. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, लोक आठावरच थांबतात. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्या, घागर, तिरळा, सायकल, मेतकूट असले, रोमन अक्षरांत लिहा, मध्ये आडवी रेघ. घरच्यांना पाठ होतो, आणि कुठल्या तयार यादीत सापडत नाही. अंबाबाई, ज्योतिबा, रंकाळा आणि पुढं १२३ नको. कोल्हापुरातल्या चोराला पहिलं तेच सुचणार.

निवृत्त_हेडमास्तर | रविवार, सायंकाळी ५:१०

सर्व वाचले. माझे मत थोडे निराळे आहे. आमच्या लहानपणी वाड्यातल्या आडाचे पाणी अख्खी गल्ली नेत असे. दुष्काळातसुद्धा कोणी कोणाला अडवले नाही. चार पोरांनी अभ्यासाला नेट वापरले तर आपले काय झिजते? ही नवी कुलपांची संस्कृती मला रुचत नाही.

वाचतो_तरी_लिहितो | रविवार, सायंकाळी ५:४८

गुरुजी, आडाचं पाणी कुणी नेलं म्हणून पोलीस तुमच्या दारात येत नव्हते.

२६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट आठवत असतील. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल गेला त्याचा माग काढत तपास यंत्रणा पोचली नवी मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये. तिथं राहत होता एक परदेशी माणूस. त्याचं वायफाय नीट बंदिस्त नव्हतं, कुणीतरी ते वापरलं होतं. पण चौकशीला पहिलं सामोरं जावं लागलं त्यालाच. कंपनीच्या नोंदीत कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला.

पाणी द्यायचंच असेल तर आडातून द्या, माजघरातल्या हंड्यातून नको. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, शक्य असेल तर वेगाला मर्यादा. पाहुण्याला नेट मिळतं, तुमचा प्रिंटर, लॅपटॉप, कॅमेरे दिसत नाहीत. मात्र कनेक्शन तरीही तुमच्याच नावावर, तेव्हा पासवर्ड ओळखीच्यांनाच आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलता.

निवृत्त_हेडमास्तर | रविवार, सायंकाळी ६:३०

मुद्दा मान्य. हंडा आणि आड हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

तारजोड्या | रविवार, रात्री ९:५५

गुरुजी, तुमच्याकडं कॅमेरे आहेत का? मोबाइलवर दिसत्यात का?

निवृत्त_हेडमास्तर | रविवार, रात्री १०:१२

आहेत. मुलगा परगावी असतो, त्याच्या आग्रहाने चार बसवले. बसवणाऱ्या मुलाने 'राउटरमध्ये थोडी सेटिंग करतो' म्हणून अर्धा तास घेतला होता. का बरे?

तारजोड्या | रविवार, रात्री १०:१९

ती 'थोडी सेटिंग' बघा. राउटरच्या पानात पोर्ट फॉरवर्डिंग असं लिहिलेलं असतंय, म्हणजे बाहेरनं घरातल्या डिव्हाइसपर्यंत यायला उघडलेली वाट. तिथं डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा, पत्ता दिसला तर फोटो टाका, आकडे झाकून.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट | सोमवार, सकाळी ६:४०

धाग्यात घुसतो, माफी. माझा प्लॅन २०० चा. वायफायवर ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्ट्यावर १८० येतो, पण पीसीला वायर लावली की ९४ च्या वर हलत नाही. वायर जास्त फास्ट पाहिजे ना?

तारजोड्या | सोमवार, सकाळी ७:०५

वायरीचं टोक डोळ्याजवळ धरा. पारदर्शक जॅकमध्ये किती रंग दिसत्यात?

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट | सोमवार, संध्याकाळी ६:१५

चारच! पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा. बाकीच्या जागा रिकाम्या.

तारजोड्या | सोमवार, संध्याकाळी ६:३०

तर मग सापडलं. चार तारांवर १०० च्या पुढं जात नाही, गिगाबिटला आठही लागतात. केबलवाल्याच्या जमान्यातली वायर आहे ती. आठ तारांची कॅट ६ घ्या.

निवृत्त_हेडमास्तर | मंगळवार, सकाळी ११:२५

तारजोड्या यांनी सांगितलेले पान भाचीकडून उघडून घेतले. यादीत डीव्हीआर होता. तीन पोर्ट उघडे. भाचीने डीव्हीआरचा पासवर्ड विचारला, मला ठाऊक नव्हता. तिने १२३४५६ टाकले. उघडला.

म्हणजे मी संध्याकाळी सदरा काढून झोपाळ्यावर बसतो, ते कोणीही पाहू शकत होते असे समजायचे का?

कोड_आणि_कांदाभजी | मंगळवार, दुपारी १२:०२

होय गुरुजी, आणि तेवढ्यावर भागत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक किडा इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याकडं जेमतेम साठेक युजर-पासवर्डांच्या जोड्या होत्या, सगळ्या कारखान्यातून येतात तशा. दिसेल त्या राउटरचं, डीव्हीआरचं, कॅमेऱ्याचं दार त्या जोड्यांनी ठोठावायचा, उघडलं की त्याला आपल्या फौजेत घ्यायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ह्या फौजेनं डीएनएस सेवा देणाऱ्या डाइन कंपनीवर एकदम धाड घातली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कित्येक साइट अमेरिकेत तासन्‌तास बंद पडल्या. मालकांना पत्ताही नव्हता की आपला डीव्हीआर लढाईवर गेलाय.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या तिन्ही ओळी काढा, शेजारी यूपीएनपी (डिव्हाइसला स्वतःच पोर्ट उघडू देणारी सोय) असेल तर तेही बंद करा, डीव्हीआरचा पासवर्ड बदला. कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून बघा, त्याला बहुतेक वेळा पोर्ट उघडावे लागत नाहीत.

निवृत्त_हेडमास्तर | मंगळवार, रात्री ८:००

केले. झोपाळ्यासमोरचा कॅमेरा दाराकडे वळवला आहे.

पाढे_पाठ | बुधवार, दुपारी २:४०

कुलपाचं कळलं. पण माझी शिकवणी आतल्या खोलीतून असते. सोपा, मग माजघर, मग खोली. दोन दगडी भिंती. पासवर्ड बदलून त्या पातळ होणार नाहीत.

तारजोड्या | बुधवार, रात्री १०:१०

नाही होणार. ५ गिगाहर्ट्झ फास्ट असतो पण असल्या भिंतीपुढं मान टाकतो. २.४ आत शिरतो, पण त्यात अख्ख्या पेठेची गर्दी. तिथं चॅनल १, ६ किंवा ११ मधला जो मोकळा तो निवडा, बाकीचे एकमेकांवर चढतात. विड्थ २० ठेवा.

पण खरं औषध वायर. वायफायला खोलीपर्यंत ढकलण्यापेक्षा लॅन वायर तुळईच्या कडेनं न्या आणि तिथं जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (डिव्हाइसना पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्येच घाला, वॅनमध्ये नाही. इथंच सगळे चुकतात. त्याचाही आतला पासवर्ड बदला, जुना राउटर म्हणजे जुना ॲडमिन-ॲडमिन.

फायबरची पिवळी वायर स्वतः हलवू नका. आत काच आहे, दाराच्या फटीत दाबली किंवा कोपऱ्यात काटकोनात वळवली की उजेड बाहेर सांडतो. लाल दिवा लागला की समजायचं.

आणि वळीव आला की ॲडॉप्टर भिंतीतनं काढा. फायबरमधनं वीज येत नाही, पण लाइटच्या वायरीतनं येते. मे महिन्यात माझ्याकडं मेलेल्या राउटरची पोती भरतात.

पाढे_पाठ | सोमवार, रात्री ११:१५

अहवाल देतो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बसलो. आतला पासवर्ड बदलला (ॲडमिन-ॲडमिनच होता), डब्ल्यूपीएस बंद, नवा चार शब्दांचा पासवर्ड, वेगळं गेस्ट नेटवर्क. फर्मवेअरचं (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) पण नवं व्हर्जन आलं होतं, ते घातलं.

वीस मिनिटांत मधल्या बिऱ्हाडातल्या काकू दारात. 'आमचं नेट गेलं गं.' मी म्हटलं, तुमचं? तर त्यांचं स्वतःचं कनेक्शन आहे! दर महिन्याला बिल भरतात. आत जाऊन बघितलं तर त्यांच्या डब्यावर लाल दिवा, पिवळी वायर दाराखाली चेपलेली. काका म्हणाले पावसाळ्यापासून लाल दिवाच आहे, त्यांना वाटलं तो चालू असल्याचा दिवा. त्यांच्या नातवानं कधीतरी आमचा पासवर्ड टाकलेला. घरातले पाचही फोन न बोलता आमच्या वायफायवर. काकू बिल भरतायत, नेट आमचं जातंय, कुणाला काहीच ठाऊक नाही.

हिशेब असा. काकूंकडचे पाच. मागच्या बिऱ्हाडातले तीन, त्यांनी सरळ कबूल केलं. तालमीतली चार पोरं, त्यांना भाच्यानंच क्यूआर कोड दिला होता, आता भाचा तोंड लपवून फिरतोय. एक देवघरातला स्मार्ट दिवा, तो आम्ही मोजायलाच विसरलो होतो. पासवर्ड बदलल्यावर सासूबाई दिव्याला हाका मारून दमल्या. आणि चौदावं डिव्हाइस माझाच फोन, दुसऱ्या मॅक पत्त्यानं.

दोन्ही बिऱ्हाडांना गेस्टचा पासवर्ड दिलाय, काकूंची वायर बदलेपर्यंत. आजची शिकवणी अडीच तास अखंड झाली. पोरं नाराज आहेत.

बावड्याचा_ऊस | सोमवार, रात्री ११:२२

सासऱ्यांना नवा पासवर्ड पाठ झाला का?

पाढे_पाठ | सोमवार, रात्री ११:२६

पाठ कशाला करतील. खडूनं तुळईवर लिहून ठेवलाय, ठळक अक्षरात.

तारजोड्या | सोमवार, रात्री ११:२८

कुठल्या खोलीतली तुळई?

पाढे_पाठ | सोमवार, रात्री ११:३१

सोप्यातली. दारासमोरची.